मोट कोरडी आली तरी : प्रार्थनेबद्दल वाचकांचे प्रश्न

कोल्हापूर शहर आणि आसपासच्या कॅथलिक वाचकांनी खासगी प्रार्थनेबद्दल विचारलेले सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. मिस्सा (चर्चमधली मुख्य सामुदायिक उपासना) आणि संस्कारांची जागा खासगी प्रार्थना घेऊ शकत नाही, हे धरूनच उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : गोकुळ शिरगावला कारखान्यात मी पाळीत काम करतो. दर आठवड्याला पाळी बदलते. राखेच्या बुधवारी (उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी) दरवर्षी ठरवतो की रोज एक तास प्रार्थना करायची. दुसऱ्या आठवड्यात सुटतं ते सुटतंच. काय चुकतं?

इच्छेत खोट नाही, मापात आहे. तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी पाचशे बैठका काढायला लावत नाही. लावल्या तर तिसऱ्या दिवशी पोरगं तालमीकडे फिरकणार नाही. रोज पंधरा मिनिटं घ्या आणि तीन महिने ती वाढवू नका. एखाद्या दिवशी उत्साहाने तासभर बसलात तर हरकत नाही, पण दुसऱ्या दिवशी परत पंधरावर यायचं.

दुसरी चूक घड्याळाची. पाळी बदलणाऱ्या माणसाने 'पहाटे पाच' असं ठरवलं की महिन्यातले दहा-बारा दिवस ते मोडणारच. वेळ घड्याळाला न बांधता रोज घडणाऱ्या गोष्टीला बांधा. कुठलीही पाळी असो, झोपून उठल्यावर पहिला चहा होतोच. त्या चहाच्या आधी बसा. रात्रपाळी करून आल्याआल्या मात्र बसू नका, डोळे मिटले की घोरायलाच लागाल. झोप काढा आणि उठल्यावर, चहाच्या आधी, तेच करा.

आता पंधरा मिनिटांत काय करायचं ते. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. गजर लावायचा तर स्वयंपाकघरातलं साधं घड्याळ वापरा. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची एक सूचना फार कामाची आहे आणि ती फारसं कुणी पाळत नाही. जिथे बसणार त्या जागेच्या एक-दोन पावलं अलीकडे थांबायचं, एकदा प्रभूची प्रार्थना म्हणायला लागेल तेवढा वेळ उभं राहायचं आणि देव आपल्याकडे पाहतो आहे हे ध्यानात घ्यायचं. मग बसायचं. सावकाश क्रूसाची खूण, पवित्र आत्म्याला दोन शब्दांत विनंती. त्यानंतर आठ-नऊ मिनिटं त्या दिवसाच्या मिस्सेतलं शुभवर्तमान, फार तर दोनदा वाचून, सुचेल तिथे थांबत. मग तीन-चार मिनिटं बोलणं, आणि ते घरात बोलता त्या भाषेत. "हे परमदयाळू परमेश्वरा" असं सुरू केलं की पुढचं सगळं पाठांतरात जातं. इग्नेशियस म्हणतात, मित्र मित्राशी बोलतो तसं किंवा चाकर धन्याशी बोलतो तसं बोला. शेवटी प्रभूची प्रार्थना म्हणून उठा.

कंटाळा आला, काहीच घडत नाही असं वाटलं, तर बाराव्या मिनिटाला उठू नका. उलट सोळाव्याला उठा. हेही इग्नेशियस यांचंच सांगणं आहे. ठरल्या वेळाआधी पळून जाण्याची सवय लागली की ती दर दिवशी एक मिनिट अलीकडे सरकते. तुमचा दुसरा आठवडा बहुधा असाच निसटत असणार.

आणि एखादा दिवस चुकला तर चुकला. दुसऱ्या दिवशी अर्धा तास बसून भरपाई करायला जाऊ नका. ही काही पतसंस्थेची थकबाकी नव्हे. जे लोक भरपाईच्या मागे लागतात ते चार दिवस चुकल्यावर 'आता एवढं कुठून भरू' म्हणून सोडून देतात.

प्रश्न : रोझरी (जपमाळ) म्हणताना ओठ हलतात, पण मन लक्ष्मीपुरीच्या बाजारात फिरत असतं. रात्री अंथरुणावर म्हणायला घेतली तर तिसऱ्या दशकात (दहा मण्यांच्या गटात) डोळा लागतो. अशी रोझरी देवाला चालते का?

चालते, पण तिच्यात दुरुस्ती करता येईल. रोझरीत ५९ मणी असतात, त्यातले ५३ 'नमो मारिया' या मारियेला उद्देशून असलेल्या छोट्या प्रार्थनेचे. तेच शब्द इतक्यांदा म्हणायचे म्हणजे ओठांना काम मिळालं, मनाला काय? मनासाठी रहस्यं आहेत, म्हणजे येशू आणि मारिया यांच्या आयुष्यातले प्रसंग. सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. ही शेवटची पाच पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये एका पत्रातून जोडली. रहस्याचं नाव घेऊन लगेच पुढे पळालं की मन रिकामं राहतं आणि रिकामं मन बाजारातच जाणार. नाव घेतल्यावर अर्धा मिनिट गप्प बसा, तो प्रसंग डोळ्यांपुढे येऊ द्या, मगच पहिला मणी धरा. नमो मारियात येशूचं नाव येतं तिथे त्या रहस्याचे दोन-तीन शब्द मनात जोडायचे, 'गोठ्यात जन्मलेला', 'काट्यांचा मुकुट घातलेला', अशी जुनी पद्धत आहे. जॉन पॉल यांनी त्याच २००२ च्या पत्रात तिची शिफारस केली आहे.

वेग तपासा. पाच दशकांना पंधरा ते वीस मिनिटं लागतात. नऊ मिनिटांत उरकत असेल तर शब्द गिळले जात आहेत. घरात दोन पक्ष करून म्हणताना हे हमखास होतं. एक पक्ष 'आमेन'पर्यंत पोचायच्या आत दुसरा सुरू करतो. वेळ कमी असेल तर एकच दशक म्हणा, पण नीट.

झोपेचं कारण अंथरूण आहे, भक्तीची कमतरता नव्हे. बसून किंवा चालत म्हणा. रंकाळ्यावर फेऱ्या मारणाऱ्यांना खिशात रोझरी ठेवून चालता चालता ती आरामात पुरी करता येते. दहा मण्यांची अंगठीही मिळते. गर्दीत ती कुणाच्या नजरेत येत नाही.

मन भरकटलं हे कळलं की त्या विचाराच्या मागे त्याला हाकलायला धावू नका, कारण तेही भरकटणंच. कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथही हेच सांगतो. फक्त परत यायचं. एकच विचार पुन्हा पुन्हा येत असेल, मुलीची फी, आईचं ऑपरेशन, तर त्याला शत्रू समजू नका. पुढचं दशक त्याच कारणासाठी वाहा. लिज्यूच्या संत तेरेजालाही रोझरी एकटीने म्हणणं फार जड जायचं आणि तिने ते लिहून ठेवलं आहे, एवढं लक्षात असू द्या.

प्रश्न : बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. लेवीय या नियमांच्या पुस्तकात अडकलो. वाचणं आणि प्रार्थना यांचा मेळ कसा घालायचा?

पहिल्या पानापासून सुरू करणारे बहुतेक जण तिथेच अडकतात. मार्ककृत शुभवर्तमान घ्या. ते सर्वांत लहान, सोळा अध्यायांचं. रोज दहा-बारा वचनं घेतली तर दोन महिन्यांत होतं. त्यानंतर लूक.

पद्धत जुनी आहे. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या, कार्थुसियन संन्यासी संघाच्या मठाधिपतीने तिच्या चार पायऱ्या मांडल्या : वाचन, मनन, प्रार्थना, निःशब्द दर्शन. उदाहरणासाठी मार्क १०:४६–५२ घेऊ. यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेला आंधळा भिकारी बार्तीमय. वचनं सातच. पहिल्यांदा हळू आवाजात वाचा, ओठ हलले पाहिजेत. दुसऱ्यांदा वाचताना एखादा शब्द टोचतो का बघा. समजा, लोक त्याला 'गप्प बस' म्हणून दटावतात तिथे तुम्ही अडलात. मग पुढे जायचं नाही. मला कोण गप्प करतं, मी कुणाला गप्प करतो? हे मनन. दुसऱ्या एखाद्याला त्याने अंगावरचं वस्त्र टाकून दिलं हे दिसेल. भिकाऱ्याकडे तेवढी एकच चीजवस्तू असावी. मग येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू? तो प्रश्न तुम्हाला विचारला आहे असं धरून उत्तर द्या. ही प्रार्थना. आणि उत्तर देऊन झालं की दोन मिनिटं काहीही न करता बसा. चौथी पायरी मुद्दाम गाठता येत नाही, तिच्यासाठी नुसती जागा मोकळी ठेवता येते.

बिघडतं ते मुख्यतः तीन ठिकाणी. माणूस टिपा आणि नकाशे उघडतो आणि अभ्यास सुरू होतो. अभ्यास चांगलाच, पण त्याची वेळ वेगळी ठेवा. दुसरं, आज काही टोचलं नाही म्हणून अजून एक अध्याय, अजून एक. नाही टोचलं तर तीच सात वचनं उद्या परत घ्या. तिसरं सर्वांत चिवट. प्रत्येक वचन दुसऱ्या कुणाला तरी लागू पडतं. "हे आमच्या जावेनं वाचायला पाहिजे" असं मनात आलं की समजा, मनन संपलं आणि भाऊबंदकी सुरू झाली.

वही ठेवायची तर रोज एकच ओळ. पानभर लिहिणारे प्रार्थना करताना लिहायचं काय याचाच विचार करू लागतात.

प्रश्न : माझं सासर हिंदू आहे. सासूबाई पहाटे हरिपाठ म्हणतात. घर लहान, त्या वेळी तीच एक खोली शांत असते. तिथे बसून मी प्रार्थना केली तर चालेल का? त्या म्हणतात, "तुमची माळ आणि आमचं नामस्मरण एकच." काय उत्तर देऊ? आणि विपश्यना शिबिराला जावं का?

बसा, निःशंक बसा. त्यांनी त्यांचा हरिपाठ म्हणावा, तुम्ही तुमचं स्तोत्र मनात म्हणावं. हरिपाठात सामील होणं ही वेगळी गोष्ट, ती तुमची उपासना नव्हे. पण एका खोलीत दोघींनी पहाट देवाला देणं यात चर्चला खटकण्यासारखं काही नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) १९६५ मध्येच म्हटलं आहे की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही. सासूबाईंना एकदा विचारून घ्या, म्हणजे त्यांच्या वेळेत आपण घुसलो असं त्यांना वाटणार नाही. मेणबत्ती किंवा मूर्तीची मांडणी यावरून घरात जेवढी कुरबूर होते तेवढी श्रद्धेवरून होत नाही.

नामस्मरणाबद्दल त्यांना सरळ सांगा की ख्रिस्ती परंपरेतही ते आहे. पूर्वेकडच्या चर्चमध्ये शतकानुशतकं एक छोटी प्रार्थना जपली जाते : 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.' बार्तीमयची हाक आणि लूकच्या अठराव्या अध्यायातल्या जकातदाराचे शब्द यांतून ती घडली आहे. श्वास घेताना पहिला भाग, सोडताना दुसरा. भाकरी थापताना, केएमटीच्या बसमध्ये उभं असताना ती सहज म्हणता येते. रोज मोजून दहा मिनिटांपासून सुरू करा.

'एकच' आहे का, यावर वाद घालू नका, पण तुमच्या मनात फरक स्पष्ट असू द्या. ख्रिस्ती माणूस नाव घेतो ते कुणाला तरी हाक मारण्यासाठी. हाकेची संख्या किंवा श्वासाची लय यातून आपोआप काही निपजेल अशी अपेक्षा नसते. १९८९ मध्ये व्हॅटिकनने ध्यानपद्धतींबद्दल बिशपांना पत्र पाठवलं. बसण्याची पद्धत, श्वास, शांतता यांची मदत होऊ शकते, असं ते म्हणतं. त्यातून येणारा सुखद अनुभव म्हणजे पवित्र आत्म्याचं सांत्वन, असं मात्र धरू नये, अशीही ताकीद देतं. विपश्यना शिबिराबद्दलही तुम्ही विचारलं आहे. त्यात मौन आहे, पण ती प्रार्थना नव्हे आणि तिचे शिक्षकही तसा दावा करत नाहीत. दहा दिवस मौनासाठी काढता येत असतील तर कॅथलिक अध्यात्मसाधनेला द्यावेत, असं आमचं मत.

प्रश्न : निवृत्त शिक्षिका आहे. वीस वर्षं रोज प्रार्थना करते. गेली दोन-तीन वर्षं काहीच जाणवत नाही. पूर्वी डोळे भरून यायचे, आता भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. माझी श्रद्धा गेली का?

अविलाच्या संत तेरेजाने (१५१५–१५८२) प्रार्थनेला मळ्याची उपमा दिली आहे आणि ती आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. मळ्याला पाणी चार रीतींनी मिळतं. विहिरीतून हाताने शेंदून, रहाटाने, ओढ्याचं पाणी पाटाने आणून, आणि पावसाने. पहिल्यात कष्ट जास्त, पाणी थोडं. शेवटच्यात माणसाला काहीच करायचं नसतं. पण तेरेजा पुढे एक गोष्ट सांगते ती बहुतेक जण विसरतात. कधी कधी विहीरच आटलेली असते. मोट सोडली तर कोरडी वर येते. अशा वेळीही माळ्याने मोट सोडतच राहावी, कारण मळा त्याचा नाही, धन्याचा आहे. ती हे ऐकीव सांगत नव्हती. काही वर्षं तिला प्रार्थनेचा तास कधी संपतो इकडेच लक्ष असायचं, आणि अठरा वर्षं मिस्सेत ख्रिस्तशरीर (पवित्र भाकरी) घेतल्यानंतरची वेळ सोडली तर पुस्तक हातात असल्याशिवाय प्रार्थनेला बसायचा तिला धीर होत नव्हता.

तरी सगळा कोरडेपणा एका जातीचा नसतो, म्हणून तपासणी करावी. इग्नेशियस तीन कारणं देतात. आपलीच हयगय, देवाने घेतलेली परीक्षा, आणि पूर्वीचं सांत्वन आपली कमाई नव्हती हे कळावं म्हणून. पहिल्यापासून सुरू करा. झोप पुरते का? प्रार्थनेची वेळ टीव्हीच्या मालिकेनंतर सरकली का? एखादं भांडण मिटवायचं राहिलं आहे का? शेवटचं कन्फेशन (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली) कधी झालं? यातलं काही सापडलं तर ते आधी दुरुस्त करा.

काही सापडलं नाही तर तेरेजाचे समकालीन संत जॉन ऑफ द क्रॉस यांच्या तीन खुणा बघा. देवाच्या गोष्टींत गोडी नाही, पण इतर कशातही ती शोधावीशी वाटत नाही. आपण देवाची सेवा नीट करत नाही अशी आतून काळजी वाटत राहते. आणि पूर्वीसारखं मनन, कल्पना, विचार जमतच नाहीत. तिन्ही एकत्र असतील तर ही घसरण नव्हे. देव तुम्हाला शेंदण्याकडून पाटाकडे नेत असण्याची शक्यता आहे. मग जबरदस्तीने विचार काढत बसू नका. एक छोटं वचन घ्या आणि शांत बसा. श्रद्धेत कोमट झालेल्या माणसाला काळजी वाटत नाही. तुम्ही पत्र लिहिलंत, यावरून दुसरी खूण तरी दिसते.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. कोरडेपणाच्या काळात प्रार्थनेचा जुना निर्णय बदलू नका, वेळ कमी करू नका. आणि भूक, झोप, नातवंडांतला रस, सगळंच दोन आठवड्यांहून जास्त काळ गेलं असेल तर डॉक्टरांना दाखवा. तो आजार असू शकतो आणि आजाराला औषध लागतं.

हे सगळं एकटीने ठरवू नका. कुस्ती पुस्तकातून शिकता येत नाही, वस्ताद लागतो. आध्यात्मिक मार्गदर्शक धर्मगुरूच हवेत असं नाही. अनुभवी सिस्टर किंवा जाणकार प्रापंचिकही चालतात. पुण्यात नगर रस्त्यावर पेपल सेमिनरी (धर्मगुरू घडवणारी संस्था) आहे, धर्मसंघांची घरंही आहेत. तिथे विचारणा करता येईल. चार-सहा आठवड्यांतून एकदा अर्धा तास पुरतो. त्यात घरच्या तक्रारी नव्हे, प्रार्थनेत काय झालं आणि काय झालं नाही तेवढं सांगायचं.

प्रश्न : राधानगरीच्या बाजूला राहतो. फादर कधीमधीच येतात. रविवारी मिस्सा मिळत नाही. मोबाईलवर पाहिली तर चालते का?

मिस्सेला जाणं खरोखर शक्य नसेल तर तुमच्यावर दोष नाही. चर्चचा कायदा (कलम १२४८) अशा वेळी जिथे शब्दोपासना (बायबल वाचनाची उपासना) होते तिथे जायला किंवा घरी कुटुंबाने पुरेसा वेळ प्रार्थना करायला आग्रहाने सांगतो. मोबाईलवरची मिस्सा आजाऱ्याला आधार देते, पण ती हजेरी नव्हे. आणि ती बघता बघता भाजी निवडली जाते, हेही खरं. त्यापेक्षा सर्वांनी हातपाय धुऊन एकत्र बसावं, रविवारची तिन्ही वाचनं आणि स्तोत्र मोठ्याने वाचावं, पाच मिनिटं शांत राहावं, प्रत्येकाने एक विनंती म्हणावी, प्रभूची प्रार्थना म्हणावी आणि शेवटी आध्यात्मिक ख्रिस्तशरीर स्वीकारावं. म्हणजे, 'आज तुला संस्कारात घेता येत नाही, निदान माझ्या अंतःकरणात ये' असं आपल्या शब्दांत मागावं. पाऊण तास पुरे.

प्रश्न : आम्हा नवराबायकोला झोपण्याआधी एकत्र म्हणता येईल अशी छोटी प्रार्थना सुचवा. दोघंही दमलेले असतो.

चर्चची रात्रीची प्रार्थना घ्या. आठ-दहा मिनिटांची आहे आणि दर आठवड्याला तीच स्तोत्रं येतात, त्यामुळे महिन्याभरात तोंडपाठ होतात. बायबलमधल्या स्तोत्रांचे क्रमांक असे : शनिवारी ४ आणि १३४, रविवारी ९१, सोमवारी ८६, मंगळवारी १४३, बुधवारी ३१ ची पहिली सहा वचनं आणि १३०, गुरुवारी १६, शुक्रवारी ८८. आधी दोन मिनिटं दिवस आठवा. सकाळपासून एकेक तास मागे टाकत या, आधी आभार मानण्यासारखं काय घडलं ते, मग कुठे चुकलं ते. चूक स्वतःचीच आठवायची, जोडीदाराची नाही. हा नियम मोडला की प्रार्थनेचं भांडण होतं. मग स्तोत्र, एक वचन तुम्ही, एक त्यांनी. त्यानंतर लूक २:२९–३२ मधलं शिमोनाचं गीत, आणि एक नमो मारिया.

शुक्रवारचं ८८ वं स्तोत्र अंधाराच्या शब्दावर संपतं. बाकीच्या विलापगीतांसारखा शेवटी आशेचा सूर त्यात येत नाही. पहिल्यांदा म्हणताना काही जण घाईने पुढे एखादं आनंदी वचन जोडतात. जोडू नका. ते तसंच संपू द्या आणि दिवा घालवा.